सगळ्या गावाचं एकच उत्तर

निरगुडसरच्या त्या घरात वृषालीचं विद्यापीठ स्वयंपाकघराच्या खिडकीत भरायचं. कारण साधं होतं. घरभर फिरून पाहिलं तरी मोबाइलला धड रेंज तिथेच मिळे. ओट्याच्या कडेला लॅपटॉप, शेजारी पिठाचा डबा आणि डब्यावर फोन, ज्याच्या जिवावर लॅपटॉपचं इंटरनेट चाले. कुकर लावला की अभ्यासाला बसायचं, शिट्ट्या झाल्या की उठायचं. पीएचडी अशीही करता येते यावर पुण्यातल्या शहाण्या मंडळींचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर निरगुडसरच्या मंडळींचाही नव्हता.

समाजशास्त्रात एमए करून तिनं पीएचडीला नाव घातलं आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. नवरा सूरज चाकणच्या कारखान्यात शिफ्टवर. मुलगी संस्कृती अंगणवाडीत. घरी सासरे भगवंतराव, त्यांना ती मामा म्हणे. सासूबाई, अंजनाबाई, लग्नाच्या आदल्या वर्षीच गेलेल्या. त्यांना तिनं भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं होतं. आणि विद्यापीठाचं वाचनालय एसटीनं जायचं तर दोन-अडीच तासांवर.

पहिल्या वर्षी तिला वाटलं, आपलं संपलं. हवा तो लेख उघडायला जावं तर पडद्यावर डॉलरचा आकडा यायचा, जणू लेख नव्हे, म्हैसच विकत घ्यायची होती. मग हळूहळू तिला कळत गेलं की ज्ञानाच्या बाजारात फुकटची गल्लीही असते, आणि ती चोरांची नसते, राजरोस असते. देशभरातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगे’वर कुणालाही वाचायला ठेवलेले असतात. जनगणनेची गावनिहाय कोष्टकं मिळतात. पुणे जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर पानन् पान स्कॅन केलेलं सापडतं. नकाशे काढायचं, आकडे मांडायचं सॉफ्टवेअर फुकट, ते शिकवणारे व्हिडिओही फुकट. आणि लेख कुठेच नाही मिळाला तर लेखकाला सरळ ईमेल टाकायची. बहुतेक जण पाठवून देतात, वर तुमचं काम कसं चाललंय म्हणून आपुलकीनं विचारतात. दूर देशातल्या एका संशोधक बाईंनी तर आपल्या सगळ्या मुलाखती, प्रश्नावल्या आणि कुठे काय फसलं याची टिपणंसुद्धा येईल त्याच्यासाठी खुली ठेवली होती. वृषालीनं त्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या चुका तिला पाठ झाल्या होत्या.

भगवंतरावांना यातलं काही पटत नसे. त्यांचं म्हणणं, जे फुकट मिळतं ते एक तर शिळं असतं नाही तर सरकारी. पण सून घरात राहून शिकतेय याचं त्यांना मनातून कौतुक होतं. दुधाच्या डेअरीवर कुणी विचारलं की सूनबाई काय करते, तर ते म्हणत, “डॉक्टर व्हतीय. सुई टोचायची न्हाई, दुसरी.”

तिचा विषयही घरासमोरचाच होता. कांदा निघाला, रान मोकळं झालं की धनगर आपली मेंढरं घेऊन गावात येतात आणि शेतकरी ती आपल्या रानात बसवतात. रात्रभर मेंढरं वाघरीच्या जाळीत बसतात, त्यांच्या लेंड्यांचं आणि मुताचं खत होतं, जमीन फुलून येते. बदल्यात धनगराला धान्य मिळतं, थोडे पैसे मिळतात, राहायला जागा मिळते. पिढ्यान् पिढ्या चाललेली ही रीत आता कमी का होत चाललीय, हे वृषालीला शोधायचं होतं.

तिच्या मार्गदर्शक वैजयंती मॅडम जीव लावणाऱ्या होत्या, पण कामाचा आढावा घेणारी समिती एकट्या मॅडमची नव्हती. मागच्या दोन्ही वेळा समितीतल्या एका सरांनी नाक मुरडलं होतं. इंटरनेटवरचं वाचून पुस्तकं होतात, संशोधन होत नाही, असं ते म्हणाले होते. या वेळी स्वतःची गोळा केलेली माहिती दाखवली नाही तर वृषालीनं आठवड्यातले तीन दिवस पुण्यात येऊन राहावं, नाही तर नोंदणी सोडावी, असं ठरलं होतं. तीन दिवस पुण्यात राहणं म्हणजे लहान पोरीला कुणाच्या गळ्यात घालायचं हा प्रश्न. तेव्हा सोडणंच आलं. शनिवारी समितीची ऑनलाइन बैठक होती आणि तिथेच सोक्षमोक्ष लागणार होता.

म्हणून तिनं फुकटात मिळणारा एक ऑनलाइन फॉर्म तयार केला. मराठीत, सोपा, वर नाव लिहायला जागा. तुमच्या रानात मेंढरं बसवता का? दरवर्षी, कधीमधी की बंद केलं? बंद केलं असेल तर कशामुळे? ठिबकच्या नळ्यांमुळे, रासायनिक खतामुळे, पीक बदलल्यामुळे की आणखी कशामुळे? गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाप्येच होते, सुनांना तिथे कुणी घेतलं नव्हतं. तेव्हा तिनं फॉर्म भगवंतरावांना पाठवला आणि ग्रुपवर टाकायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मान हलवली आणि ते रानात गेले.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरं यायला लागली आणि मग थांबेचनात. पोळी लाटता लाटता ती पडद्यावरचा आकडा वाढताना बघत होती. पोळी करपली, तरी तिला राग आला नाही. सोमवारपर्यंत सत्तरच्या वर घरांनी उत्तरं दिली होती. एवढी माहिती तर गाडी-घोडा असलेल्या संशोधकांनाही मिळत नाही. तिनं त्याच फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगीत आलेख काढला आणि वैजयंती मॅडमना पाठवून दिला. मॅडमचं उत्तर लगेच आलं, आता समितीचं तोंड बंद होईल, शाब्बास. वृषालीनं संस्कृतीला उचलून स्वयंपाकघरभर गिरक्या घेतल्या.

मंगळवारी सकाळी, आनंद जरा निवल्यावर, ती आलेखाकडे नीट बघायला लागली. जवळजवळ सगळ्या गावाचं उत्तर एकच होतं. दरवर्षी बसवतो. रीत कमी झाली म्हणून जिचा प्रबंध, तिच्या गावात ती रीत अशी जोमात कशी? तिला आधी वाटलं, आपलंच गृहीतक चुकलं. चुकलं तर चुकलं, तेही संशोधनच असतं. मग तिची नजर जानकूभाऊंच्या नावावर गेली. जानकूभाऊ शेजारचे. त्यांचं सगळं रान पॉलिहाउसखाली, आत फुलं. त्यांनीही लिहिलं होतं, दरवर्षी मेंढरं बसवतो. प्लॅस्टिकच्या त्या तंबूत जरबेराच्या वाफ्यांवर रवंथ करणारी मेंढरं वृषालीच्या डोळ्यांपुढे आली आणि तिला हसू फुटलं. पण खाली आणखी एक नाव दिसलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. भगवंतरावांचं. त्यांचंही उत्तर तेच. या घरात आल्यापासून आपल्या रानात एक मेंढरू बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

गावातला कुठलाही फॉर्म शेवटी अश्विनीकडे जातो, हे तिला माहीत होतं. वेशीजवळच्या सेवा केंद्रात अश्विनी कॉम्प्युटरवर बसते आणि पीकविम्यापासून जातीच्या दाखल्यापर्यंत अख्ख्या गावाची कागदपत्रं तिच्या बोटांतून जातात. वृषाली तिथे पोचली तेव्हा अश्विनीनं आधी तिला चहा पाजला आणि मग अभिमानानं सांगितलं की निम्म्याहून जास्त फॉर्म तिनंच भरलेत. म्हातारी माणसं, कुणाला बारीक अक्षर दिसत नाही, कुणाला बटण सापडत नाही. उत्तरं काय टाकायची ते मात्र तिनं ठरवलं नव्हतं. तिनं फोन काढला आणि ग्रुपवर भगवंतरावांनी टाकलेला आवाजी निरोप लावला.

“रामराम मंडळी. आमच्या सूनबाईच्या परीक्षेचा इषय मेंढरं बसवायचा हाय. सोबत फॉर्म दिलाय. त्याच्यात कुणी न्हाई म्हनून लिवू नका. पोरगी दोन टायमाला आडकलीय, ह्या टायमाला पास झाली पायजे. येवडं आपल्या गावाचं काम हाय असं समजा.”

झालं होतं ते असं. गावानं सर्वेक्षणाची परीक्षा केली होती आणि परीक्षेत पोरीला एकटी सोडायची नाही म्हणून सगळ्यांनी मिळून तिला बरोबर उत्तरं पुरवली होती. जानकूभाऊ तर म्हणे केंद्रात येऊन दोनदा विचारून गेले, माझं बराबर टाकलंस ना, माझ्यापायी पोरीचा मार्क जायला नको. वृषालीला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती दोन्ही थोडं थोडं करत घरी आली.

आता खरी पंचाईत होती. आलेख सुंदर होता, मॅडम खूश होत्या आणि शनिवार तोंडावर आला होता. पुण्यात बसलेल्या समितीला जानकूभाऊंचं पॉलिहाउस थोडंच माहीत होतं? दोन-चार विचित्र उत्तरं वगळली, बाकी ठेवली, तर कुणाला कधी पत्ता लागला नसता. तिनं खरोखरच ती दोन नावं वगळून पाहिली. आलेख आणखीच छान दिसायला लागला.

मग तिला त्या दूर देशातल्या बाई आठवल्या. त्यांनी आपल्या चुका उघड्यावर मांडून ठेवल्या नसत्या तर वृषालीला प्रश्न विचारायलाही आलं नसतं. ती ज्या पाणवठ्यावरचं पाणी इतकी वर्षं फुकट पीत होती, त्यातच आता आपल्या हातानं घाण टाकायची? उद्या कुणी दुसरी पोर, अशीच कुठल्या तरी खिडकीत बसून, हा प्रबंध फुकट उघडेल आणि निरगुडसरला मेंढरं दरवर्षी बसतात असं खरं मानून चालेल. वृषालीला स्वतःची लाज वाटली. तिनं नावं परत घातली आणि फाइल बंद केली.

राहिला प्रश्न मामांना सांगायचा. हा तिला समितीपेक्षा अवघड वाटत होता, कारण समितीनं तिच्यासाठी काही केलं नव्हतं आणि मामांनी अख्खं गाव कामाला लावलं होतं.

बुधवारी दुपारी ते साठवणीचा कांदा बराखीत भरत होते. ती ताक घेऊन गेली आणि तिथेच, कांद्याच्या ढिगाशेजारी उकिडवं बसून, तिनं सगळं सांगितलं. ही परीक्षा नाही, यात बरोबर-चूक उत्तर नसतं, जे आहे तेच हवं असतं, नाही तर नाही. बोलताना तिनं शब्द फार जपून वापरले. भगवंतरावांनी ताक संपवलं आणि पेला पालथा ठेवला.

“म्हंजी आमीच तुझं नुसकान केलं म्हनायचं,” ते म्हणाले.

तसं नाही मामा, असं ती म्हणाली खरी, पण तसंच होतं हे दोघांनाही कळत होतं. ते पुन्हा कांद्याला लागले. चेहरा उतरलेला. वृषालीला आपण सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं असंही क्षणभर वाटून गेलं.

संध्याकाळी दुधाच्या वेळी मात्र त्यांनी किटली उचलली आणि चल म्हणाले. डेअरीवर त्या वेळी निम्मं गाव असतं, किटल्या घेऊन रांगेत उभं. भगवंतरावांनी आपली किटली कट्ट्यावर ठेवली आणि खाकरून सगळ्यांना सांगितलं की ग्रुपवरचा निरोप चुकला, चूक त्यांची, सुनेची नाही. तिला खोटं नको, खरं पायजे. ज्यानं मेंढरं बंद केली त्यानं बंद केली म्हणून सांगावं, लाजायचं कारण नाही.

जानकूभाऊ म्हणाले, “मग मी उगंच खोटं लिवलं व्हय? माझ्या फुलांत मेंढरू शिरलं तर मी त्येला जित्तं सोडीन का?” सगळी रांग हसली आणि त्या हसण्यानं गाठ सुटली. एकेक जण पुढे येऊन सांगायला लागला. वृषाली परवानगी विचारून फोनवर रेकॉर्ड करत होती. कुणी ठिबक केलं होतं, कुणाला पोत्यातल्या खताची सवय लागली होती, कुणी ऊस लावला होता. जे अजून बसवत होते तेही निघाले, मोजकेच. दूध आटपलं तरी माणसं हलेनात. शेवटी जानकूभाऊंनी भगवंतरावांनाच धरलं, तुमचंबी सांगा की राव. भगवंतराव म्हणाले, ठिबक. वृषालीनं तेही घेतलं.

दोघं घरी परतायला निघाली. घराच्या अलीकडे, विहिरीपाशी, ते थांबले. रिकामी किटली या हातातून त्या हातात घेतली.

“माझं तेवढं खोड,” ते म्हणाले. “पुन्ना सांगतो.”

ती थांबली. फोन काढावा की नाही ते तिला कळेना, तिनं काढला नाही.

“ठिबक काय, गुंडाळून बांधावर टाकता येती. त्येचं काय न्हाई. तुझी सासू व्हती तवा बहिरू धनगराची मेंढरं यायची. बहिरूची बायकू तुकाबाई, ती आदी आपल्या घरी यायची. ही तिला हळदी-कुकू लावायची, वटी भरायची, आन मग दोगी ज्या दारातल्या ओट्यावर बसायच्या त्या बसायच्या. एकमेकीला समदं सांगायच्या. रानाचं काय ते मी न् बहिरू बगून घ्यायचो. ही गेली त्या साली तुकाबाई आली. दारात हुबी राह्यली आन आत बगत राह्यली. रडली बी न्हाई. मला काय बोलावं सुचंना. पुढल्या साली मीच बहिरूला फोन केला, म्हनलं आता ठिबक केलंय, नगं येऊ.”

वृषालीच्या फॉर्ममध्ये कारणांचे पर्याय होते, तिनं ते मोठ्या अभ्यासानं, कितीतरी प्रबंध चाळून निवडले होते, आणि त्यात हे कुठेच बसत नव्हतं. तिनं विचारलं, हे मी लिहू का. ते म्हणाले, लिव, नाव नगं टाकू.

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. फॉर्म पाठवला तो बाप्यांच्या ग्रुपवर. डेअरीवर बोलले तेही बाप्येच. ओटी भरणाऱ्या हाताला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं स्वतःही नाही, आणि ती तर बाई होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

गुरुवारी आणि शुक्रवारी ती संस्कृतीला काखेला मारून घरोघर फिरली. चुलीपुढे, कांदा निवडायच्या ढिगावर, गोठ्यात, बायका जिथे सापडतील तिथे बसली आणि एवढंच विचारलं, मेंढरं यायची तेव्हा घरात काय काय असायचं? बाप्यांनी दोन वाक्यांत संपवलेली गोष्ट बायकांकडे तासतासभर चालली. मेंढरं येणार म्हणजे धनगरणीला जेवायला घालायचं, तिच्या पोराला दूध, ओटी, कुणाला लुगडं. तिच्याकडून लोकरीची घोंगडी, गावोगावच्या बातम्या, सोयरिकीसुद्धा. जानकूभाऊंची बायको सखूबाई तर हसायलाच लागली. म्हणाली, “पॉलिहाउस कशाचं घिऊन बसलीस? त्येच्या आदी दोन सालं बंद झालं व्हतं. सासूबाई हातरुणाला खिळल्या, मला एकटीला समदं व्हईना. मीच म्हनलं ह्यास्नी, आता नगं बोलावू.”

कुठे सासू वारली होती, कुठे सून पोरांच्या शाळेसाठी मंचरला राहायला गेली होती, कुठे बाई स्वतःच कारखान्यात कामाला लागली होती. सगळीकडे हेच कारण नव्हतं, ठिबक आणि ऊस खरेच होते. पण ज्या घरांत ते येण्याआधीच रीत मोडली होती, त्या घरांत बहुतेक वेळा आधी ओटी भरणारी बाई कमी झाली होती. वृषालीनं शोधगंगेवर परत एकदा धुंडाळलं, परदेशातले लेख चाळले, त्या दूरच्या बाईंनाही ईमेल टाकली. खताबद्दल पुष्कळ होतं, चराईच्या वाटांबद्दल होतं. दारातल्या ओट्यावर बसणाऱ्या या बायकांबद्दल तिला तरी कुठे काही सापडलं नाही.

शनिवारी बैठक अर्थातच स्वयंपाकघराच्या खिडकीत भरली. गॅस बंद, ओटा पुसलेला, वृषाली इस्तरीच्या साडीत. भगवंतराव कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसले होते. संस्कृतीनं आवाज करू नये म्हणून त्यांनी तिला मांडीवर घेऊन चुरमुऱ्यांचं भांडं पुढे ठेवलं होतं.

वृषालीनं पहिलं वाक्य बोलून टाकलं. मॅडमना पाठवलेला आलेख रद्द समजावा, त्यातली उत्तरं खरी नाहीत. पडद्यावर वैजयंती मॅडमचा चेहरा पडलेला तिला दिसला. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. गावानं परीक्षा समजून तिला कसं पास करायला घेतलं ते तिनं सांगितलं. नाक मुरडणारे सर खो खो हसले. मग डेअरीवरचं सांगितलं, मग बायकांचं. एका शेतकऱ्याचं उत्तर तिनं नाव न घेता जसंच्या तसं वाचून दाखवलं.

हसणारे सर गंभीर झाले. त्यांनी चष्मा काढून विचारलं की एका माणसाची बायको गेली, हे दुःख आहे, मान्य, पण ते त्याचं खाजगी दुःख झालं, ते समाजशास्त्र कसं?

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. “सर, मलाही आधी तसंच वाटलं. पण मग मी घरोघर गेले. हे गावात अनेक घरांत झालंय, फक्त कुणी कुणाला सांगितलेलं नाही. प्रत्येक पुरुष ठिबक म्हणतो, खत म्हणतो. व्यवहार शेतकरी आणि धनगर करत होते असं आपण समजतो. माझ्या मते तो दोन बायकांच्या जिवावर उभा होता. एक बाई गेली की तो पडायचा.”

रेंज गेली की काय म्हणून तिनं पिठाच्या डब्यावरच्या फोनकडे पाहिलं. मग तेच सर म्हणाले की हे त्यांनी कुठे वाचलेलं नाही, आणि ते त्यांना वाचायला आवडेल. वैजयंती मॅडमनी विचारलं, मग आता पुण्यात येऊन राहायची अट ठेवायची का? सर म्हणाले, पुण्यात येऊन ही काय करणार, हिनं तिथेच राहावं. फसलेल्या फॉर्मचीही एक टिपणी प्रबंधात घाला, दुसऱ्यांना उपयोगी पडेल, असं मॅडम म्हणाल्या आणि बैठक संपली.

वृषालीनं लॅपटॉप मिटला. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, सूरजला फोन करावासा वाटत होता, एकदम भूक लागली होती. ती वळली. भगवंतराव उंबऱ्याशी तसेच बसले होते. संस्कृती त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती आणि चुरमुरे जमिनीवर सांडले होते.

“लई घरांत झालंय म्हनलीस,” ते म्हणाले.

ती हो म्हणाली.

“मला वाटायचं, ह्ये माझं येकट्याचंच हाय.”

वृषाली त्यांच्याशेजारी खाली बसली आणि चुरमुरे गोळा करायला लागली. भगवंतरावांनी पोरीची झोप मोडू नये अशा बेतानं खिशातून फोन काढला, बराच वेळ त्यात काहीतरी शोधलं आणि कानाला लावला. बहिरूचा तळ त्या दिवसांत राजुरीच्या बाजूला होता. पलीकडून मेंढरांचा आवाज आधी ऐकू आला, माणसाचा मागून.

“भगवंत बोलतोय, निरगुडसरचा. खालचं रान मोकळं हाय. नळ्या मी उद्याच्याला गुंडाळून ठिवतो.” ते जरा थांबले. “आन तुकाबाईला म्हनावं, आदी घरी ये. घरात सून हाय.”